वार्निशचा शेवटचा हात

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळाशाळांतून प्रतिकृतींची घाई सुरू होते. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या गावातही पुठ्ठा, शाडू, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पोस्टर रंग सहज मिळतात. त्यातून सोलापूरचा भुईकोट किल्ला उभा राहतो, सिद्धेश्वराचे तळे तयार होते, कुणी धरणाचा छेद करून दाखवतो. रंग वाळला की कोणीतरी सुचवते, "आता वरून वार्निशचा एक हात देऊ या. रंग टिकेल आणि चकाकीही येईल." दुकानातून डबी येते, हात दिला जातो आणि काम संपले असे सगळे समजतात.

दोन-तीन वर्षांनी शाळेच्या कपाटातून तीच प्रतिकृती बाहेर काढावी, तर पांढरा तट पिवळा पडलेला असतो, तळ्याचे निळे पाणी हिरवट दिसते, काही ठिकाणी थर चिरून रंगासकट सुटलेला असतो. रंग टिकावा म्हणून जे लावले, त्यानेच रंग बिघडवला. असे का होते? आणि मग काय लावावे, की लावूच नये?

हा प्रश्न शाळेच्या कपाटापुरता नाही. महाराष्ट्रातल्या सर्वांत मौल्यवान चित्रांवर, अजिंठ्याच्या भिंतींवर, नेमके हेच घडले. ती हकिकत समजून घेण्यासाठी आधी हा पारदर्शक थर कशाचा असतो ते पाहू.

बांधावरचे वार्निश

वार्निश म्हणजे राळेसारखा चिकट, पारदर्शक पदार्थ एखाद्या द्रवात विरघळवून केलेले द्रावण. ते पृष्ठभागावर पसरते, द्रव उडून जातो किंवा घट्ट होतो आणि मागे पातळ पापुद्रा राहतो. पूर्वी यासाठी झाडांपासून मिळणारे राळ, चंद्रूस यांसारखे पदार्थ वापरत. भारतात मात्र या कामासाठी झाडापेक्षा एका किडीचा उपयोग अधिक झाला. ती म्हणजे लाखेची कीड.

ही कीड पळस, कुसुंब, बोर, बाभूळ, पिंपळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढते. वैरागच्या परिसरातल्या बांधांवरही बोरी-बाभळी काही कमी नाहीत, पण लाखेचे मोठे उत्पादन झारखंड, छत्तीसगड या भागांत होते. पूर्व विदर्भातही ती गोळा होते. अर्ध्या मिलिमीटरएवढी पिल्ले फांदीत सोंड खुपसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडतात. असंख्य किडींच्या या स्रावाचा फांदीवर जाड थर बसतो. तो खरवडून, धुऊन, कापडाच्या लांब पिशवीत घालून विस्तवाजवळ धरतात आणि पिशवी पिळतात. वितळून बाहेर आलेली लाख ताणून तिचे पातळ पत्रे करतात. त्यांचे तुकडे म्हणजे बाजारात मिळणारा 'चपडा'. इंग्रजीतला 'शेलॅक' तो हाच. सुताराचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा.

लाखेची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. महाभारतातले लाक्षागृह तर लहान मुलांनाही ठाऊक असते. लाख सहज पेट घेते, हे त्या कथेतले रसायनशास्त्र अगदी अचूक आहे. यान हाउगन फान लिन्सखोतेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या कातकामाची माहिती आहे. लाकूड कातावर फिरत असताना कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडावर सारखी पसरते. आजही सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहताना ही जुनी परंपरा आठवते.

सावंतवाडीचाच गंजिफा हा आणखी एक नमुना. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकूण १२० पाने असतात. ती हाताने रंगवतात आणि त्यांवर लाखेचा मुलामा देतात. खेळताना पाने हाताळली जातात, घाम लागतो, एकमेकांवर घासतात. मुलामा नसेल तर पाण्यात कालवलेला रंग थोड्या दिवसांत पुसून जाईल. इथे थराचे काम स्पष्ट आहे. वस्तू वापरायची आहे, झिजणार आहे, तेव्हा रंगाऐवजी वरचा थर झिजावा.

पुढे लाख युरोपात गेली. सुरुवातीला तिथे तिच्यातल्या लाल रंगद्रव्याला मोठी मागणी होती. १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले तसे लाखेच्या रंगाचे महत्त्व गेले आणि राळ तेवढी महत्त्वाची राहिली. इंग्लंडमध्ये १६८८ साली स्टॉकर आणि पार्कर यांनी वार्निशकामावर लिहिलेल्या पुस्तकात लाखेच्या वार्निशांच्या कृती आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्याच. लाखेवर शास्त्रीय संशोधन व्हावे म्हणून रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली एक संस्थाही सुरू झाली.

पहिल्या पावसातली जमीन

थर लावल्यावर रंग 'खुलतो' असे आपण म्हणतो. हे खुलणे म्हणजे नेमके काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानावर पहिला पाऊस पडतो तेव्हा उन्हाने करडी दिसणारी ढेकळे एकदम काळीभोर होतात. मातीत नवा रंग मिसळलेला नसतो. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून कणावर पडताना त्याचा काही भाग पृष्ठभागावरूनच परततो. असंख्य कणांवरून चहूबाजूंना विखुरलेला हा प्रकाश पांढुरका असतो आणि मातीच्या मूळ रंगात मिसळून तो रंग फिका करतो. कणांमध्ये पाणी भरले की हे परावर्तन घटते. पांढुरका पडदा दूर होतो आणि रंग गडद दिसतो.

वार्निश हेच काम कायमचे करते. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितके परावर्तन जास्त. हवेचा अपवर्तनांक १, लाखेचा सुमारे १.५, खडूचा सुमारे १.६, तर झिंक ऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचा सुमारे २. समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी किती भाग परततो हे काढण्यासाठी अंकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागून वर्ग करायचा. दहावीच्या मुलांनाही हे जमेल. हवेतल्या खडूच्या कणावरून सुमारे ५ टक्के प्रकाश परततो, लाखेत बुडालेल्या खडूच्या कणावरून जेमतेम ०.१ टक्का. झिंक ऑक्साइडसाठी हेच आकडे ११ टक्के आणि २ टक्के येतात.

याचा अर्थ असा, की खडूचा पांढरा रंग वार्निशखाली जवळजवळ नाहीसा होतो. तो पारभासक बनून मागचा मळकट रंग दाखवू लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट झाल्यावर जिप्सम बनते. त्याचा अपवर्तनांक १.५२, म्हणजे लाखेच्या अगदी जवळचा. म्हणून प्लास्टरच्या कोऱ्या भिंतीवर वार्निश मुरले की तेलकट डाग पडल्यासारखे दिसते. झिंक किंवा टायटॅनियमचा पांढरा रंग मात्र टिकून राहतो.

तेव्हा 'पारदर्शक' थर लावल्याक्षणीच चित्र बदलते. गडद रंग अधिक गडद होतात, काही पांढरे रंग मावळतात आणि चित्रकाराने ठरवलेला उजेड-अंधाराचा तोल ढळतो. हा बदल पहिल्याच दिवशी होतो. दुसरा बदल हळूहळू, वर्षानुवर्षे होत राहतो. या दोन्हींचा प्रत्यय अजिंठ्याला आला.

अजिंठ्याच्या भिंतीवर

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडकावर माती, भुसा, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या बंधकात कालवलेले रंग, अशी त्यांची रीत आहे. तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, चुना आणि अफगाणिस्तानच्या बाजूने येणारा निळा लाजवर्द हे त्यातले मुख्य रंग. असा रंग वाळल्यावर मंद, चकाकीविरहित दिसतो. मंद उजेडाच्या लेण्यात ते योग्यच होते. कोणत्याही कोनातून पाहिले तरी भिंत चमकत नसे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. चित्रांच्या नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची नेमणूक केली. त्याने वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, तिथे १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनला साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या.

नकला जळाल्या, पण नकला करताना मूळ भिंतींवर जे लावले गेले ते मात्र राहिले. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी मळकट, फिके दिसणारे रंग नीट दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निशचे हात दिले. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. युरोपात तैलचित्र पूर्ण झाले की त्यावर वार्निश देण्याचा रिवाजच होता. तेलरंगात कणांभोवती आधीच तेल असते, त्यामुळे वार्निशने त्याच्या रंगात फार फरक पडत नाही, आणि पुढे कधीतरी ते काढता येते. तोच रिवाज सच्छिद्र मातीच्या, सरसाने रंगवलेल्या भिंतीवर नेला. तिथे वार्निश वर राहिले नाही, ते रंगात आणि गिलाव्यात मुरले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली तिथे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रांचे पापुद्रे सुटत होते, गिलावा पोकळ झाला होता. तेव्हा १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले गेले. त्यांनी सुटलेल्या कडा बांधल्या, पोकळ गिलावा पक्का केला, जुना मळ आणि वार्निश काही प्रमाणात साफ केले. पुष्कळशी चित्रे आज भिंतीवर आहेत त्याचे श्रेय या कामालाही द्यावे लागते. पण शेवटी संरक्षणासाठी त्यांनी चित्रांवर थर दिला तो स्पिरिटमधल्या लाखेचा.

त्या वेळी चित्रे उजळल्यासारखी वाटली असतील. पुढे लाखेने आपला गुण दाखवला. लाखेचे रेणू आम्लगट आणि अल्कोहोलगट दोन्ही बाळगून असतात. वाळलेल्या थरातही हे गट एकमेकांशी सावकाश संयोग पावत राहतात. रेणू जोडले जातात, जाळे घट्ट होते, थर आकसतो, ठिसूळ होतो आणि त्याचा रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे जातो. पिवळा थर निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे लाजवर्दाचा निळा हिरवट आणि पांढरा पिवळट दिसू लागतो. आकसताना थर खालच्या रंगाला ओढतो. डिंक-सरसाची पकड त्या ओढीपुढे दुबळी ठरते आणि रंगाचा पापुद्रा थराबरोबर सुटतो. त्यातच काजळी, धूळ आणि वटवाघळांची घाण थरावर व थरात अडकून बसते. भिंतीतून येणारी ओल बाहेर पडायची वाटही थराने अडते.

सर्वांत अवघड गोष्ट निराळीच आहे. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते. जुनी झालेली लाख, रेणूंचे जाळे झाल्यामुळे, स्पिरिटला दाद देत नाही. ती काढायला जास्त तीव्र द्रावके लागतात आणि मग खालच्या रंगाला धोका पोहोचतो. म्हणजे लावताना जो थर 'केव्हाही काढता येईल' असा होता, तो काढायची वेळ आली तेव्हा तसा राहिला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी द्रावकांच्या मिश्रणांनी, कापसाच्या बोळ्याने, तळहाताएवढा भाग घेऊन जुने थर काढण्याचे काम अनेक वर्षे केले. त्या काळात रंग धरून ठेवण्यासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या नव्या कृत्रिम राळेचे विरळ द्रावणही वापरले गेले. १९९९ पासून राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांत काजळी, घाण आणि लाख यांचे थर काढले गेले. ही अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी. इतकी वर्षे काळवंडलेल्या भागांतून दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे पुन्हा दिसू लागली. रंग गेलेले नव्हते, ते थराखाली होते.

काढता येईल का?

असे फक्त अजिंठ्याला झाले असे समजू नये. लंडनच्या नॅशनल गॅलरीत एकोणिसाव्या शतकात चित्रांवर मॅस्टिक राळ आणि तेल यांचे वार्निश लावत. लंडनच्या धुरात ते लवकरच तपकिरी झाले. ते साफ केले तेव्हा लोकांना चित्रे भडक वाटली, वर्तमानपत्रांत ओरड झाली आणि १८५३ साली संसदेच्या समितीने चौकशी केली. पिवळ्या चित्राची डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की खरा रंग खोटा वाटू लागला होता.

अशा अनुभवांतून विसाव्या शतकात जतनकामाचे एक सूत्र पुढे आले. जे लावायचे ते पुढच्या पिढीला खालच्या मूळ वस्तूला इजा न करता काढता आले पाहिजे. चांगल्या थराची कसोटी आजच्या चकाकीत पाहायची नसते, पन्नास वर्षांनी तो काढता येईल का हे विचारायचे असते.

रसायनशास्त्राने या शोधाला मदत केली. १९२० च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे लॅकर आले. ते कठीण आणि चकचकीत होते, पण तेही पिवळे पडे. १९३० च्या दशकात ॲक्रिलिक राळा बाजारात आल्या. त्यांतल्या काही प्रकारांत, निवडक वापरल्यास, रेणू एकमेकांना फारसे जोडले जात नाहीत. त्यामुळे त्या पुष्कळ वर्षे स्वच्छ राहतात आणि विरघळतातही. म्हणून संग्रहालयांतून त्यांचा वापर वाढला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटची गोष्ट मधली आहे. ते फारसे पिवळे पडत नाही, पण तीस-चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते. आपल्या शाळेतला पांढरा फेव्हिकॉल याच कुळातला, फक्त तो पाण्यात कालवलेला असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला, की फेव्हिकॉलचा हात दिलेली प्रतिकृती बोटाला किंचित चिकट का लागते आणि तिच्यावर धूळ का बसते, ते यावरून कळेल.

प्रतिकृतीचे वेगळे गणित

आता प्रतिकृतींकडे वळू. भिंतीवरच्या चित्राला नसलेली एक अडचण प्रतिकृतीला असते, ती प्रमाणाची. १:५०० प्रमाणात किल्ला केला तर १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर. पण वार्निशच्या थराची जाडी काही ५०० पटींनी कमी होत नाही. दोन-तीन हातांचा मिळून थर ०.१ मिलिमीटर झाला, तर त्या प्रमाणात तो ५ सेंटिमीटर जाडीचा गिलावा झाला. दगडांमधल्या रेषा, जंग्या, पायऱ्यांच्या कडा त्यात बुजतात. म्हणून प्रतिकृतीवर दाट एक हात देण्यापेक्षा विरळ दोन हात बरे.

चकाकीचेही तसेच. खरा तट खडबडीत दगडांचा असतो, तो उन्हात चमकत नाही. प्रतिकृतीवर गुळगुळीत वार्निश दिले की दिव्याचे प्रतिबिंब त्यावर चकाकते आणि नजर लगेच म्हणते, "हे खेळणे आहे." पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत ठरते, आणि आपण किल्ला लहान केला तरी तरंगलांबी लहान होत नाही. म्हणून दगड, माती, कपडे यांना चकाकीविरहित थर हवा. अशा वार्निशमध्ये सिलिकाची अतिशय बारीक पूड घातलेली असते. ती पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत करते. पाणी, काच, घासलेला धातू एवढ्याच भागांना चकाकता थर शोभतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या लहान विमानांचा आणि आगगाड्यांचा छंद पसरला तेव्हा छंदिष्टांनी एक क्रम बसवला. आधी चकाकता थर, त्यावर चिन्हांच्या चिकटपट्ट्या, शेवटी मंद थर. खडबडीत रंगावर चिकटपट्टी लावली तर खाली हवा अडकते आणि कडा रुपेरी दिसतात, म्हणून हा क्रम.

काही वेळा थर न देणेच चांगले. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांना खुले झाले. तिथे मुंबईच्या लोकजीवनाच्या रंगवलेल्या लहान मूर्ती आणि देखावे काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. काच हासुद्धा पारदर्शक थरच आहे, मात्र तो रंगाला चिकटत नाही, रंग गडद करत नाही आणि मनात येईल तेव्हा बाजूला करता येतो. ज्या प्रतिकृतीला हात लावायचा नाही, तिला पुठ्ठ्याची चौकट आणि पारदर्शक कागद हे सर्वांत स्वस्त संरक्षण. ज्या प्रतिकृती मुलांनी हाताळायच्याच आहेत त्यांना मात्र गंजिफाच्या पानांसारखा थर हवा.

थर निवडताना एक नियम पुरेसा आहे. वरच्या थराचा द्रावक खालच्या रंगाला विरघळवणारा नसावा. पोस्टर रंग पाण्यात विरघळतो, त्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल कुंचल्याने फिरवला तर रंग ओघळतो. तिथे स्पिरिटमधला चपडा चालतो, जरी त्याची पिवळी झाक आणि पुढचे वागणे आपल्याला ठाऊक आहे. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने मऊ होतो. तिथे पाण्यातले ॲक्रिलिक वार्निश योग्य. थिनरवर चालणारे लॅकर थर्मोकोलला अक्षरशः खाऊन टाकते. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तरी जुन्या प्रतिकृती कपाटांत आहेत. हा एकच नियम दोनदा उपयोगी पडतो. लावताना खालचा रंग वाचतो, आणि काढायची वेळ आली तर तेव्हाही वाचतो.

हवामानही पाहावे. स्पिरिट झपाट्याने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. पावसाळी दमट हवेत त्यावर दव धरते आणि चपड्याचा थर पांढरट होतो. भर उन्हाळ्यात फवाऱ्याचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतात आणि थर रवाळ होतो. कोरड्या हिवाळ्यातली सकाळ या कामाला सर्वांत चांगली. काम मोकळ्या व्हरांड्यात, विस्तवापासून दूर आणि शिक्षकांनी स्वतः करावे. स्पिरिट आणि थिनर दोन्ही ज्वालाग्राही आहेत, आणि दुकानातले स्पिरिट विषारीही असते.

वर्गात करून पाहा

हा इतिहास सांगण्यापेक्षा करून दाखवता येतो. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर खडू, गेरू, काजळी आणि निळा पोस्टर रंग असे चार चौकोन रंगवा. खडू आणि गेरू डिंकाच्या पाण्यात कालवा. पूर्ण वाळल्यावर पहिल्या पट्टीच्या अर्ध्या भागावर स्पिरिटमधला चपडा, दुसरीच्या अर्ध्यावर दुकानातले तेलाचे वार्निश, तिसरीच्या अर्ध्यावर पातळ फेव्हिकॉल द्या. चौथी तशीच ठेवा. फेव्हिकॉल लावताना रंग ओघळला तर तेही निरीक्षणच.

त्याच दिवशी मुलांना विचारा, कोणता रंग सर्वांत जास्त बदलला? खडू का मावळला? वर दिलेले गणित त्यांच्याकडून करून घ्या. मग प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे करा, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर चारही रंग, थरासह आणि थराविना, येतील. एक तुकडा खिडकीत, दुसरा बंद कपाटात ठेवा. एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तुलना करा. बहुतेक मुले म्हणतील की उन्हातला तुकडा जास्त पिवळा पडेल. तेलाच्या वार्निशच्या बाबतीत उलट दिसण्याचा संभव आहे. जवसासारख्या तेलाचा थर अंधारात जास्त पिवळा पडतो आणि उजेडात काहीसा निवळतो. कपाटातल्या किल्ल्याचा पांढरा तट पिवळा का पडला, याचे अर्धे उत्तर इथे मिळते. शेवटी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून चपडा निघतो का पाहा, आणि दर वर्षी पाहत राहा.

आणखी एक सवय मुलांना लावावी. प्रतिकृतीच्या तळाशी पेन्सिलीने तारीख, वापरलेला रंग आणि वरचा थर लिहून ठेवायचा. पुढे कधी ती दुरुस्त करायची झाली, तर काम करणाऱ्याला आधी हीच माहिती हवी असते.